२२ नंबरची खोली, नाशिक : १६ वर्षं येणाऱ्या पेशंटचा रिव्ह्यू

मिसळीत तर्री पातळ होती म्हणून मी एकदा ३ स्टार देऊन चांगला दहा ओळींचा रिव्ह्यू टाकलेला. पोराने तो वाचला आणि म्हणे, आई मिसळीवर एवढं लिहितेस, मग जिथे १६ वर्षं हेलपाटे घालतेयस त्याच्यावर पण लिही की. म्हटलं तिथला रिव्ह्यू लिहिणार कोण बाबा, लिहिला की कळलंच ना आपण कोण ते. खरंच शोधून बघा, कुठल्याही हॉस्पिटलखाली पार्किंग नाही, लिफ्ट बंद, वॉचमन अंगावर येतो असलं सगळं सापडेल, एआरटी सेंटरबद्दल, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देतात त्या जागेबद्दल, एक ओळ सापडायची नाही. लोक तिथल्या गोळीवर वर्षानुवर्षं जगतात आणि तोंडाला रुमाल बांधून गुपचूप घरी जातात.

तर मी लिहितेय. अकाउंट माझ्या नावाचं नाही, हॉस्पिटलचं नावही टाकणार नाही, नाशिकमधलं सरकारी आहे एवढंच धरा. आम्ही सगळे त्याला २२ नंबर म्हणतो, खोलीचा नंबर. "२२ ला जाऊन येते" म्हटलं की ज्याला कळायचं त्याला कळतं. एड्स हा शब्द आमच्यात कोणी काढत नाही, आणि तसाही तो चुकीचा, अंगात एचआयव्ही असणं वेगळं आणि एड्स होणं वेगळं, गोळी नीट चालू असलेली माणसं त्या टोकाला जात नाहीत, माझ्याकडे बघा, आज पण १० किलोचं क्रेट उचलते.

मी द्राक्षाच्या पट्ट्यातली, तालुका सांगत नाही. एसटीने नाशिकला यायला तास-दीड तास. आता कोणी म्हणेल तालुक्याला लिंक सेंटर असतं, ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना तिथेच गोळ्या मिळतात, मग एवढं लांब कशाला. बरोबर आहे, कल्पना चांगलीच आहे, पण आमच्याकडे खिडकीवर केस पेपर फाडणारा माझ्या चुलत सासऱ्यांचा जावई आहे. दुपारी केस पेपर काढला तर संध्याकाळी पारावर चर्चा. आणि हे माझं एकटीचं नाही बरं का, मागे रांगेत शेजारी एक दादा बसलेले ते धुळ्याहून आलेले, धुळ्याला सेंटर नाही का, आहे की, आणि त्याच बाकावर पंचवटीची एक ताई होती ती म्हणे माझी बहीण गोळ्यांना ठाण्याला जाते. म्हणजे सगळे आपल्या गावचं सोडून पुढच्या गावाला. सरकार म्हणतं औषध घराजवळ नेऊ आणि आम्ही औषधापासून घर लांब ठेवतोय.

एसटीचं पण तसंच. एचआयव्हीच्या पेशंटला साध्या गाडीत मोफत प्रवास आहे, कार्ड दाखवायचं की झालं. पण दाखवायचं कोणाला, कंडक्टरला, भरल्या गाडीत, आणि तो कार्ड उलटंसुलटं करून मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं विचारणार, हे कशाचं हो ताई? मी ते कार्ड काढलंच नाही. मार्च २०२३ ला सगळ्या बायकांना अर्धं तिकीट झालं ना, तेव्हा आख्ख्या गाडीत सगळ्यात खूश मी होते, कारण अर्ध्या तिकिटाला नुसती बाई असलं की पुरतं. संजय गांधी निराधारचे महिन्याचे १५०० पण आमच्या आजाराला मिळू शकतात, पण तो कागद तलाठ्याकडून जातो, त्यामुळे तेही राहिलं.

आता मूळ मुद्दा, सर्व्हिस. सकाळी ९ म्हणतात, केस पेपरची खिडकी साडेनऊला उघडते, २२ नंबरमध्ये हिरवी वही जमा करायची (प्रत्येक पेशंटची एक हिरवी वही असते, तारखा, वजन, सीडी-फोर काउंट म्हणजे रक्तातल्या आजाराशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, सगळं त्यात), मग वजन, मग काउन्सिलर, मग डॉक्टर, मग गोळ्यांची खिडकी. मागच्या खेपेला माझा नंबर ८७ होता. डॉक्टर एक. म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांची खुर्ची आहे, फाइलींचा गठ्ठा ठेवायला ती वापरतात. ८७ माणसांना एक माणूस दुपारपर्यंत बघणार तर प्रत्येकाच्या वाट्याला किती मिनिटं येतात ते तुम्हीच काढा, मी बाकावर बसून दर खेपेला तेच गणित करते. आणि एवढं असून डॉक्टर मॅडम विचारतात, पोराची दहावी झाली का गं. मला वाटतं त्या वहीत तेही लिहून ठेवत असाव्यात कुठेतरी कोपऱ्यात.

खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलंय का, रात्री घाम येतो का. हे चार प्रश्न दर वेळी, आरतीसारखे, न चुकता. नवीन लोक वैतागतात, मी पण वैतागायची. पण एचआयव्हीवाल्याला सगळ्यात जास्त मारतो तो टीबी, आणि मला हे कोणी पुस्तकातून सांगायची गरज नाही, आमचे हे त्यानेच गेले, २०१० मध्ये. त्यांची टेस्ट माझ्यानंतर झाली. म्हणजे असं की मी पोटुशी होते, २००९, सरकारीत नाव घातलं, तिथे पोटुशी बाईची ही टेस्ट करतातच, आणि आली पॉझिटिव्ह. मग ह्यांना बोलावलं, ह्यांचा सीडी-फोर काउंट ६१, चांगल्या माणसाचा ५०० च्या वर असतो. त्यांच्या अंगात कितीतरी वर्षं होता, पण कागदावर माझं नाव आधी आलं, म्हणून घरात ठरलं की हिनेच आणला. सासूबाई आता नाहीत, जाऊ दे.

पोराचं मात्र या लोकांनी सोनं केलं. तेव्हा आतासारखं तीन औषधांचं नव्हतं, बाईला डिलिव्हरीच्या वेळी नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला त्याचंच पातळ औषध, तेही ७२ तासांच्या आत. मग १८ महिने थांबायचं, कारण त्याच्या आधी साधी टेस्ट केली तर आईच्याच रक्तातलं दाखवते. ते १८ महिने मी कसे काढले ते रिव्ह्यूत बसणार नाही. निगेटिव्ह आला. आज मिसरूड फुटलंय आणि मला स्टार द्यायला शिकवतोय.

पण माझ्या स्वतःच्या गोळ्या तेव्हा सुरू झाल्याच नाहीत, आणि इथे माझा राग आहे, म्हणजे कोणा माणसावर नाही, त्या वेळच्या नियमावर. माझा काउंट ४१२ आला. काउन्सिलर मॅडम म्हणाल्या अजून बसत नाही, सहा महिन्यांनी या. म्हणजे आजार आहे, औषध त्या खिडकीच्या पलीकडे कपाटात आहे, पण तुम्ही अजून पुरेशा आजारी नाही. देशात फुकट एआरटी सुरूच झालं १ एप्रिल २००४ ला, तेही मोजक्या ८ सरकारी हॉस्पिटलांत, आपल्याकडे मुंबईचं जे.जे. त्यात. तेव्हा काउंट २०० च्या खाली गेलेल्यांना आधी, कारण सगळ्यांना पुरेल एवढा पैसाच नव्हता, मग हळूहळू ती रेघ ३५० वर आली, आणि २०१७ मध्ये नियम झाला की टेस्ट पॉझिटिव्ह आली की काउंट न बघता गोळी सुरू. मी २०१२ ला ३१८ वर आले आणि मला गोळी लागू झाली. रिपोर्ट हातात घेऊन मी चक्क खूश झालेले, आकडा कमी आला म्हणून! रेशनच्या दुकानात बीपीएलचं कार्ड मिळाल्यावर होतो तसा आनंद.

गोळीबद्दल सांगते कारण तिथे मी पूर्ण ५ स्टार देते. पहिली जी होती, झिडोव्हुडिनवाली, सकाळ-संध्याकाळ, तिने माझं हिमोग्लोबिन ७ वर आणलं, जिना चढताना भिंत धरायची. मग बदलून दिली, एफाविरेन्झवाली, रात्री झोपताना एक, ती घेतली की जमीन हलायची आणि स्वप्नं अशी पडायची की विचारू नका, एकदा स्वप्नात गोदावरीच्या पुरात आमचं द्राक्षं भरायचं आख्खं पॅकहाऊस वाहून गेलं आणि मी क्रेट मोजतेय. आता काही वर्षांपासून टीएलडी, टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर तिन्ही एकाच गोळीत, दिवसाला एक, कधीही घ्या, जेवून घ्या न जेवता घ्या. मला हिचा त्रास असा काही नाही, वजन मात्र वाढलं, ६ किलो, ब्लाऊज सगळे उसवले. बायकांसाठी एक सांगून ठेवते जे मला दोन वर्षांनी कळलं, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी, नाहीतर ॲसिडिटीचं औषध (अँटासिड) चालू असेल तर ते हिच्याबरोबर टाकू नका, ही आधी घ्या आणि २ तासांनी ते, किंवा ते घेतलं असेल तर ६ तास थांबून ही, नाहीतर हिचा असर कमी होतो. खिडकीवर गर्दीत हे सांगायचं राहून जातं.

आणि ही गोळी फुकट आहे म्हणून हलकी समजू नका. २००० च्या आसपास परदेशी कंपन्यांच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च माणशी १० ते १५ हजार डॉलर होता, म्हणजे आमच्यासारख्यांनी मरायचंच. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाच्या युसूफ हमीदांनी सांगितलं की आम्ही तेच ३५० डॉलरला देतो, आणि ते करू शकले कारण आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधावर पेटंट नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीवर होतं, दुसऱ्या पद्धतीने बनवा आणि विका. २००५ ला तो कायदा बदलला पण तोवर आफ्रिकेपर्यंत आपल्या गोळ्या पोचल्या होत्या. आता टीएलडी जगात ४५ डॉलरच्या खाली आलीय वर्षाला, म्हणजे पावणेचार हजार रुपये धरा. हे मला आधीच्या काउन्सिलर मॅडमनी सांगितलेलं, त्या फार भारी होत्या, खडूने फळ्यावर आकडे लिहून समजवायच्या.

त्या सोडून गेल्या. कंत्राटावर होत्या, पगार पण वेळेवर नाही, दुसरीकडे कुठेतरी लागल्या, आणि मग ५ महिने ती खुर्ची रिकामी. गोळी देशातच बनते, कपाट भरलेलं असतं, पण रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेल्या पोरीला समोर बसवून पहिली दहा मिनिटं नुसतं रडू द्यायला माणूस लागतो, तो बनवणारी कंपनी नाही. त्या ५ महिन्यांत मी स्वतः बघितलं, एक विशीतला मुलगा पेठ की सुरगाणा बाजूचा, हातात वही घेऊन दारात उभा, कोणीतरी म्हटलं तिकडे जा, तिकडून म्हणाले इकडे जा, आणि तासाभराने वही बाकावरच ठेवून निघून गेला. सफाईच्या मावशी त्याच्या मागे गेटपर्यंत पळत गेल्या. सापडला नाही. याचे मी दोन स्टार कापते आणि ते मावशींचे नाहीत.

२०२२ चं पण लिहिलं पाहिजे. तेव्हा देशभर गोळ्यांचा तुटवडा झालेला, दिल्लीत पेशंट लोकांनी महिन्याच्या वर ठिय्या धरला होता. आमच्या खिडकीवर ३ महिन्यांच्या ऐवजी १० दिवसांच्या गोळ्या कागदात बांधून द्यायचे. मला महिन्यात ३ फेऱ्या पडल्या. ही गोळी अशी आहे की काही दिवस चुकली तर विषाणू डोकं वर काढतो आणि वारंवार असं झालं की औषधालाच जुमानत नाही, मग महागडी दुसरी लाइन, म्हणजे पुढच्या टप्प्याची औषधं. त्यात फेरीचे पैसे, दिवसाची मजुरी ४००, आणि सुपरवायझरला दर वेळी काय सांगायचं? माझी एकच आत्या त्या वर्षात ३ वेळा वारली. आता परत ३ महिन्यांच्या मिळतात, वर्षाला ४ खाडे, हे लॉकडाऊनपासून जास्त वाढलं आणि माझ्या मते सरकारने केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे, आत्यालाही आराम.

टेस्टचं. आता सीडी-फोरपेक्षा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, बघतात, वर्षातून एकदा. रक्त इथे घेतात, तपासायला बाहेर जातं, रिपोर्टला कधी ३ आठवडे कधी २ महिने. माझ्या रिपोर्टवर गेली ४ वर्षं "टार्गेट नॉट डिटेक्टेड" येतंय. म्हणजे रक्तात सापडतच नाही एवढा कमी, आणि ज्याचा सापडत नाही त्याच्याकडून संबंधातून दुसऱ्याला लागत नाही, हे जगभर सिद्ध झालंय. म्हणून गोळी थांबवायची नाही हं, गोळी थांबली की परत सापडायला लागतो. मला हे कळलं तेव्हा वाटलं भोंगा लावून गावात सांगावं, मग आठवलं की त्याच्यासाठी आधी पहिलं वाक्य सांगावं लागेल.

जागेबद्दल काय लिहू. बाक १२ माणसांचे, माणसं ८०. पाण्याचा फिल्टर आहे, पेला साखळीला बांधलेला. बायकांच्या संडासाला कडी नाही, एकीने आत जायचं दुसरीने दार धरायचं, ओळखी तिथेच होतात. दारावर एवढा मोठा लाल रिबिनीचा बोर्ड आहे आणि समोरून डोळ्यांच्या ओपीडीची वाट जाते, गावचा कोणी ना कोणी मोतीबिंदूला आलेलाच असतो. तो बोर्ड काढा हो, नुसतं २२ लिहा, आम्ही शोधून घेऊ. खिडकीवर मात्र नावाने ओरडत नाहीत, नंबरने बोलावतात, हे आवडलं. आधी नावाने ओरडायचे. १० सप्टेंबर २०१८ पासून एचआयव्हीचा कायदा लागू झालाय, माणसाच्या परवानगीशिवाय कोणाला सांगायचं नाही, नोकरी, शाळा, उपचार नाकारायचा नाही, आणि ज्या दवाखान्यात २० किंवा जास्त लोक कामाला आहेत तिथे तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावाच लागतो.

हा कायदा मी एका खासगी दातांच्या दवाखान्यात सांगितला होता. दाढ काढायची होती, खोटं बोलायला नको म्हणून आधीच खरं सांगितलं, तर आधी म्हणाले आज मशीन बंद आहे, मग म्हणाले स्पेशल किट लागेल, ३ हजार जास्तीचे. किट म्हणजे काय तर ग्लोव्हज आणि गाऊन, जे प्रत्येक पेशंटला घालायलाच पाहिजे. उठून आले. दाढ शेवटी सरकारीतच काढली, साडेचार तास रांगेत बसून, आणि तिथला इंटर्न पोरगा म्हणाला काकू आम्ही सगळ्यांना पॉझिटिव्ह समजूनच काम करतो, तुम्ही काळजी करू नका. त्याला ५ स्टार.

पहिल्यांदा जाणार असाल तर, सोमवारी जाऊ नका, रविवारची सगळी गर्दी त्या दिवशी. डबीत उरलेल्या गोळ्या घेऊन जा, त्या मोजतात, मागच्या वेळी किती दिल्या आणि किती उरायला पाहिजेत ते, मार्क कापायला नाही, चुकतायत का बघायला. डबा घेऊन जा, बाहेरचा वडा दुपारी संपतो. नुसती टेस्ट करायची भीती वाटत असेल तर १०९७ वर फोन करा, फुकट आहे, नाव विचारत नाहीत. आणि डबी घरी नेल्यावर लेबल नखाने खरवडू नका, खुणा राहतात, रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी सरकन निघतं. माझ्या मांडणीवर लवंग, वेलदोडे, जिरं सगळं त्याच पांढऱ्या डब्यांत आहे, एकदा जाऊबाई म्हणाल्या एवढ्या सारख्या डब्या कुठून आणल्या गं, मला पण आण. म्हटलं बघते.

एकूण साडेतीन स्टार. अर्धा एका ताईसाठी जास्तीचा. ती आमच्याच गल्लीतली, तीन घरं सोडून. ४ वर्षांपूर्वी २२ च्या बाकावर अचानक समोरासमोर आलो आणि दोघी एकदम मागे वळून भिंतीवरचं कुटुंबनियोजनाचं पोस्टर वाचायला लागलो, तिचं ऑपरेशन झालेलं आणि माझा नवरा जाऊन १२ वर्षं. किती वेळ वाचलं असेल, तोंडपाठ झालं. परतीच्या गाडीत ती चार सीट पुढे बसली, स्टँडला उतरल्यावर मागे न बघता म्हणाली, "संडासचं दार मी धरलं असतं की गं." आता वहीत तारीख लिहिताना आम्ही दोघी एकच मागून घेतो, आधी पोचेल तिने दोन नंबर लावायचे. गावात कोणी विचारलं तर नाशिकला साड्या बघायला, आणि दर ३ महिन्यांनी रिकाम्या हाताने परत येतो म्हणून गल्लीत आमची चिकट म्हणून ख्याती आहे.